तारापूर-चिंचणी : दोन काठांचे दप्तर

तारापूर हे नाव देशाला तीन ठिकाणी भेटते. शाळेच्या पुस्तकात अणुवीज केंद्र म्हणून, कारखानदारांच्या बोलण्यात औद्योगिक वसाहत म्हणून, आणि परमवीर चक्राच्या मानकऱ्यांमध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्या आडनावात. ज्या गावाचे हे नाव, ते गाव मात्र या तिन्हींपासून थोडे बाजूला, खाडीच्या दक्षिण काठावर आहे. अणुवीज केंद्र त्याच्या दक्षिणेला घिवली-अक्करपट्टीच्या किनाऱ्यावर उभे राहिले. कारखाने बोईसर, सरावली, कुंभवली, सालवड, पास्थळ, कोलवडे या गावांच्या जमिनीवर आले. बोईसर स्टेशनवरून पश्चिमेला दहा-बारा किलोमीटर गेले, कारखान्यांच्या भिंती मागे पडल्या आणि वाड्या लागल्या, की खरे तारापूर येते. एक भुईकोट किल्ला, एक अग्यारी, जुन्या वस्तीच्या आळ्या, कोळीवाडा आणि खाडी. खाडीपलीकडे चिंचणी. सरकारी हिशेबात तारापूर पालघर तालुक्यात आणि चिंचणी डहाणू तालुक्यात मोडते. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘चिंचणी-तारापूर’ असा जोडशब्दच आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीनेही तोच बरोबर आहे. एका काठाचा इतिहास दुसऱ्याला सोडून सांगता येत नाही.

या दोन गावांबद्दल लिहायला घेतले की पहिले आश्चर्य वाटते ते कागदपत्रांचे. इतक्या लहान जागेचे दप्तर इतके मोठे कसे? संस्कृत ताम्रपट आहेत, पोर्तुगीज अहवाल आहेत, मोडीतली पेशवाईची पत्रे आहेत, पारशी कुटुंबांचे गुजराती कागद आहेत, इंग्रजी गॅझेटियर आहे आणि गेल्या साठ वर्षांतल्या भूसंपादनाच्या फायली आहेत. हे सगळे एका जागी नाही, एका लिपीत नाही, आणि एका माणसाला वाचता येईल असेही नाही. म्हणूनच बहुधा कोणी ते एकत्र मांडून बसलेले दिसत नाही.

सर्वांत जुना कागद तांब्याचा आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर चिंचणीत ताम्रपटांचे पाच संच मिळाले. पुराभिलेखांचे मोठे जाणकार दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३२ व्या खंडात प्रसिद्ध केले. पाचांपैकी दोन राष्ट्रकूट काळातले आहेत, तीन त्यानंतरच्या अकराव्या शतकातले. सगळ्यांचा संबंध एका मठाशी आहे. या किनाऱ्याच्या इतिहासात इतके मोलाचे दुसरे काही सापडले असेल असे मला वाटत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. मान्यखेटला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र राज्य करत होता. त्याच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक होता, म्हणजे अरब. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे येते, दुसरे नाव सुगतिप, आणि वडिलांचे नाव सहियारहार. मधुमती म्हणजे मुहम्मद आणि सहियारहार म्हणजे शहरियार, असा सरकारांचा उलगडा. त्याची नेमणूक आधीचा राजा दुसरा कृष्ण याने केली होती. आसपासच्या सगळ्या बंदरांच्या प्रमुखांना त्याने आपल्या धन्यासाठी नमवले आणि तिथे स्वतःचे अधिकारी बसवले, असे ताम्रपट सांगतो. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माआधी सातशे वर्षे, महमूद गझनवीच्या स्वाऱ्यांच्याही आधी, उत्तर कोकणच्या बंदरांवर एक मुसलमान सुभेदार हिंदू राजाची चाकरी करत होता.

त्याने काय केले, तेही लिहिले आहे. दोन नद्यांवर लोकांना फुकट पलीकडे नेणारी तर सुरू केली. संजाणला अन्नछत्र घातले. तिथे साळीचा भात, कालवणे आणि तूप विनामूल्य मिळत असे. आणि अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या मठाला, त्यातल्या भगवती देवीच्या नैवेद्यासाठी, मठाच्या डागडुजीसाठी आणि तिथल्या नऊ जणांच्या जेवणासाठी, राजाची परवानगी घेऊन कणाडुक नावाचे गाव आणि देवीहार इथली जमीन दान दिली. आपल्या देशात कोण कोणाशी कसा वागत होता याबद्दल फार मोठ्या आवाजात वाद होतात. त्या वादात पडण्याआधी प्रत्येकाने हा एक ताम्रपट वाचावा असे मला मनापासून वाटते. त्यात कुठलाही उपदेश नाही. राज्यकारभाराची नोंद आहे, भाताची आणि तुपाची नोंद आहे, आणि ती नोंद करणाऱ्याला त्यात विशेष काही घडते आहे असे वाटलेले दिसत नाही.

दुसरा राष्ट्रकूट ताम्रपट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला आणि तो मिटलेल्या भांडणाचा आहे. भिल्लमाळ म्हणजे राजस्थानातल्या भीनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथे मधुसूदनाचे देऊळ उभारले होते. मठाची काही जमीन देवळाकडे गेली आणि तंटा झाला. शेवटी ठराव झाला तो असा: देवळाच्या कारभाऱ्यांनी मठाला दरसाल ४० द्रम्म भाडे द्यावे. हजार वर्षांपूर्वी चाळीस द्रम्मांवर मिटलेल्या या तंट्यातून कळते की या किनाऱ्यावर तेव्हा राजस्थानचे व्यापारी वस्ती करून होते, ते देवळे बांधण्याइतके सधन होते, आणि हद्दीचा वाद तांब्यावर कोरून मिटवण्याची रीत होती.

तिसरा ताम्रपट शके ९५६, इ.स. १०३४ चा. आता राष्ट्रकूट गेले होते आणि ठाण्याच्या शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज संजाणला होता. त्याने याच मठाला एक तेलाचा घाणा दान दिला. तेल कशासाठी? देवीपुढच्या दिव्यासाठी, आणि मठात येणाऱ्या अध्ययनशील ब्राह्मणांच्या पायांना लावण्यासाठी. दानपत्रात ज्यांना उद्देशून ही गोष्ट जाहीर केली, त्यांत नगरातले हंजमान आहेत, म्हणजे पारशांची अंजुमन. अल्लीय, महर, मधुमत अशा नावांचे व्यापारीही आहेत. पारशी लोक संजाणला उतरले ही कथा आपण ‘किस्सा-ए-संजान’मुळे ऐकतो, पण ते काव्य १६ व्या शतकाच्या अखेरीचे. चिंचणीचे तांबे त्याच्या साडेपाचशे वर्षे आधी सांगते की संजाणच्या पेठेत पारशांची संघटित जमात होती आणि राजा तिला नावाने विचारात घेत होता. पुढे २००२ ते २००४ मध्ये संजाणला उत्खनन झाले आणि त्या जुन्या बंदराचे अवशेष, चिनी आणि पश्चिम आशियातली भांडी जमिनीतून वर आली. ताम्रपटाने सांगितलेली पेठ खरोखर होती, याला मातीची साक्ष मिळाली.

यानंतरच्या दोनतीन शतकांसाठी जवळचा आधार आहे तो ‘महिकावतीच्या बखरी’चा. केळवे-माहीम तारापूरच्या दक्षिणेला, याच किनाऱ्यावर. वि. का. राजवाड्यांनी ही बखर १९२४ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिला लांबलचक प्रस्तावना जोडली. बखरीतला प्रताप बिंब, त्याच्याबरोबर आलेली कुळे आणि त्यांना वाटून दिलेली गावे, यांवर सोमवंशी क्षत्रिय वाडवळ, पाठारे प्रभू आणि इतर समाजांच्या कुळकथा आजही उभ्या आहेत. बखरीतले राजे आणि सन नीट जुळवणे अवघड आहे. पण इतक्या जुन्या काळी उत्तर कोकणच्या गावांनी आपली गोष्ट आपल्याच बोलीत लिहून ठेवावी, याला महाराष्ट्रात फारशी जोड नाही.

पोर्तुगीज काळ मी थोडक्यात सांगतो. १५३३ मध्ये त्यांच्या आरमाराने या किनाऱ्यावरची गावे जाळली, त्यात तारापूरही होते. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, १५५९ मध्ये दमण. तारापूर दमणच्या प्रांतात आले आणि पुढची एकशेऐंशी वर्षे तिथेच राहिले. किल्ला त्या काळातला. आत चर्च आणि धर्मगुरूंची वस्ती होती. जमिनी पोर्तुगीज सरदारांना पिढ्यांच्या बोलीने दिल्या जात, आणि त्याबदल्यात त्यांनी घोडे नि शिपाई ठेवायचे. कसणारे लोक मात्र इथलेच.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि वसईची मोहीम सुरू झाली. माहीमवरचा पहिला हल्ला फसला. १७३८ च्या पावसाळ्यानंतर चिमाजी आप्पा पुन्हा उतरले आणि जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव एकामागून एक पडले. तारापूर तसे पडले नाही. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग नेले, तट उडवला आणि खिंडारातून आत घुसले. किल्ल्यातले लोक हातघाईवर लढले. या चढाईत बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. थोरल्या बाजीरावांचे ते अतिशय जिवलग. त्यांच्या आईला बाजीरावांनी लिहिलेले सांत्वनाचे पत्र मराठी पत्रव्यवहारातल्या सर्वांत हळव्या पत्रांपैकी एक मानले जाते. वसईचा विजय आपण पाठ्यपुस्तकात शिकतो, वसईला स्मारक आहे, दरवर्षी कार्यक्रम होतो. वसईची वाट ज्या तटातून उघडली त्या तारापूरच्या तटाशी हे सांगणारी जागा हवी. किल्ल्याच्या आत आज खासगी वाडी आहे. तटाचा बराच भाग उभा आहे.

पेशवाईतल्या या मोहिमेची पत्रे रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत छापलेली आहेत. पोर्तुगीज बाजूची कागदपत्रे गोव्यात आहेत आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यांतून मराठ्यांशी संबंधित भाग बाहेर काढून ठेवला आहे. एकाच लढाईच्या दोन्ही बाजू उपलब्ध असण्याचे भाग्य फार थोड्या गावांना लाभते.

आता तारापूरच्या दुसऱ्या मोठ्या गोष्टीकडे वळू. ती पैशांची आहे आणि तिचा शेवट हैदराबादेत होतो.

विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे तारापूरचे पारशी बंधू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर कोकणातल्या बंदरांची जकात वसूल करण्याचा मक्ता विकाजींनी घेतला आणि त्यात घराणे वर आले. तारापूरचा किल्ला या घराण्याकडे इनाम आला. गावातली अग्यारी विकाजींनीच १८२० च्या सुमारास बांधली. पुढे बंधूंनी निजामाच्या राज्यात पेढी काढली. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातला कापूस बैलांवर लादून घाटाखाली मुंबईच्या बाजारात आणणाऱ्यांमध्ये ते पहिले होते. पाचशे बैलांचा तो पहिला तांडा होता, असे वऱ्हाडचे गॅझेटियर सांगते. रेल्वे यायला अजून तीस वर्षे होती. निजाम सरकारला त्यांनी एवढी कर्जे दिली की फेडीसाठी वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या महालांचा वसूल त्यांच्याकडे लावून दिला गेला, औरंगाबादची टांकसाळही त्यांच्या हाती आली. तिथे पाडलेला रुपया ‘पेस्तनशाही’ म्हणून चालला. खाडीकाठच्या गावातल्या माणसाच्या नावाने दख्खनमध्ये नाणे चालावे, ही साधी गोष्ट नव्हे. १८४० च्या दशकात निजाम सरकारने महाल परत घेतले, कर्ज बुडाले, आणि इंग्रजांच्या दारी कितीही अर्ज केले तरी पेढी सावरली नाही. वऱ्हाड पुढे १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेले. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहिणारे खामगाव-अमरावतीपासून सुरुवात करतात. त्या इतिहासातले एक पान तारापूरच्या अग्यारीत आहे.

अर्देशीर तारापोर यांचे घराणेही हैदराबादकडे गेलेले. घराण्यातली परंपरा अशी की शिवाजी महाराजांच्या सैन्यातले पूर्वज रतनजीबा यांना पराक्रमाबद्दल शंभर गावे मिळाली आणि त्यांतले मुख्य गाव तारापूर. त्यावरून आडनाव. वर आपण पाहिले की तारापूर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. तेव्हा ही परंपरा कागदाशी ताडून पाहायला हवी. कदाचित काळ पुढचा असेल, कदाचित इनाम दुसऱ्या स्वरूपाचे असेल. घराण्याच्या आठवणीत गावाचे नाव टिकले, हे मात्र खरे. अर्देशीर १९२३ मध्ये जन्मले, हैदराबाद संस्थानच्या फौजेत दाखल झाले आणि संस्थान विलीन झाल्यावर पूना हॉर्समध्ये आले. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही ते रणगाडे सोडून मागे गेले नाहीत. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले.

इंग्रजी अमलात हा भाग माहीम तालुक्यात होता. १८६४ मध्ये मुंबईकडची रेल्वे झाली, ठाणी रेल्वेकडे सरकली आणि बंदरांचे महत्त्व उतरले. तालुक्याचे ठिकाण माहीमहून पालघरला गेले. बोईसर तेव्हा एक बारके स्टेशन. तारापूरचे जुने मोठेपण महसुली नावांत उरले. ‘नांदगाव तर्फे तारापूर’ हे गाव आजही जनगणनेच्या यादीत त्याच नावाने आहे. तारापूर एके काळी तर्फेचे ठाणे होते, याचा तो शिल्लक दाखला. याच नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्याबरोबर मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. पाचांपैकी बहुतेक किनारपट्टीच्या गावांतले. सालवडमध्ये आज कारखाने आहेत. पालघरच्या हुतात्मा चौकातून रोज हजारो लोक जातात.

१९६० च्या दशकात देशाने अणुवीज उभारायचे ठरवले. मुंबईला वीज हवी होती, कोळशाच्या खाणी दूर होत्या, थंड करायला समुद्राचे पाणी हवे होते, पायाला खडक हवा होता. होमी भाभांच्या आराखड्यातले पहिले केंद्र या किनाऱ्यावर आले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीबरोबर करार झाला, १९६४ मध्ये काम सुरू झाले आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज मिळू लागली. २१० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या, पुढे त्यांची क्षमता १६० मेगावॅटवर आणली गेली. इंधन अमेरिकेचे संपृक्त युरेनियम. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर ते रखडले, १९८२ पासून फ्रान्सने दिले, पुढे चीन आणि रशियानेही. जगातल्या राजकारणाची प्रत्येक उलथापालथ या किनाऱ्यावरच्या इंधनाच्या साठ्यात दिसत होती.

नंतर तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली. या भारतीय आराखड्याच्या, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या, प्रत्येकी ५४० मेगावॅट. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. देशाच्या अणुशास्त्रज्ञांसाठी हा अभिमानाचा टप्पा होता, आणि तो अभिमान रास्त आहे. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. माणसांना पुनर्वसनाच्या नव्या जागी नेले. मच्छीमारांचा समुद्र दूर गेला, वाडीवाल्यांच्या वाड्या गेल्या. पुनर्वसनाच्या अटी पाळल्या गेल्या की नाहीत, याचा वाद उच्च न्यायालयात गेला.

इथे मला या प्रकरणातली मुख्य गोष्ट सांगायची आहे. इ.स. ९२६ मध्ये संजाणच्या अन्नछत्रात काय वाढत, हे आपल्याला ठाऊक आहे. पोफरणच्या कुठल्या आळीत कोणाची घरे होती, गावदेवीची जत्रा कधी भरे, बोंबील सुकवायच्या वलांड्या किनाऱ्याच्या कोणत्या भागात असत, विहिरी किती होत्या आणि त्यांना काय नावे होती, हे लिहून ठेवलेले कुठे मिळेल? गाव उठून एका पिढीइतकाही काळ झालेला नाही. ते ज्यांनी पाहिले ती माणसे आज हयात आहेत. भूसंपादनाच्या फायलीत गट क्रमांक, क्षेत्र, झाडांची संख्या आणि रक्कम असते. त्यातून गावाची किंमत कळते, गाव कळत नाही.

औद्योगिक वसाहतीबद्दलही तेच. १९७० च्या दशकापासून इथे रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. लाखो लोकांना रोजगार मिळाला, बोईसर शहर झाले, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातल्या कामगारांनी नवे मोहल्ले वसवले. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि बोईसर मुंबईला बांधले गेले. किंमतही मोजावी लागली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ आला, राज्यात सर्वांत वरचा. सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, लवादाने कारखान्यांवर भरपाईची आकारणी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या दाव्याच्या कागदांत खाडीतल्या मासळीचा, मच्छीमारांच्या उत्पन्नाचा, पाण्याच्या रंगाचा जो तपशील आला आहे, तो उद्याच्या इतिहासकाराला चिंचणीच्या ताम्रपटाइतकाच मोलाचा वाटेल. मठ आणि देवळाच्या तंट्यामुळे दहाव्या शतकाची माहिती टिकली. तंटे कागद मागे ठेवतात. ज्या गोष्टींवरून तंटा झाला नाही, त्या कोणी लिहायच्या?

इंग्लंडमध्ये यासाठी एक चळवळच झाली. १०८६ च्या डूम्सडे बुकात तिथली तेरा हजारांहून अधिक गावे नोंदली गेली आणि पुढे प्रत्येक गावाला आपला इतिहास तिथून मागे-पुढे नेता आला. १८९९ मध्ये जिल्हावार, गाववार इतिहास लिहिण्याचा प्रकल्प सुरू झाला तो आजही चालू आहे. १९५५ मध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी एक पुस्तक लिहून दाखवले की शेताचा बांध, पायवाट आणि कुंपणाची झाडी हाही दस्तऐवजच असतो. चिंचणीचे ताम्रपट उजेडात आले तोही काळ तोच. यॉर्कशायरमधले व्हॅरम पर्सी हे गाव साधारण १५०० च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणांसाठी उठवले गेले होते. त्या ओसाड गावात मॉरिस बेरसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात, स्वयंसेवकांना घेऊन उत्खनन केले. साडेचारशे वर्षांपूर्वी उठलेल्या शेतकऱ्यांची घरे कशी होती हे समजण्यासाठी एवढे कष्ट घेतले गेले. पोफरणसाठी खणावे लागणार नाही. माणसांना विचारले तरी पुरेल.

आणि विचारण्याजोगे पुष्कळ आहे. चिंचणी, वरोर, वाणगाव या भागात दागिन्यांचे डाय कोरण्याचा धंदा घरोघरी चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, तिच्यावर पत्रा ठोकून दागिना उठवायचा. देशभरच्या बाजारातल्या कितीतरी बांगड्या आणि झुमक्यांचा मूळ ठसा या गावांतल्या पडवीत तयार झालेला असतो. हा धंदा इथे कोणी आणला, कोणाकडून कोण शिकले, पहिले डाय कशाचे होते, हे जुन्या कारागिरांना ठाऊक आहे. मांगेल्यांची बोली, वाडवळी बोली, डोंगरपट्टीतल्या वारल्यांचे किनाऱ्याशी असलेले मजुरीचे आणि बाजाराचे नाते, तारापूरच्या उरलेल्या पारशी घरांतले कागद, किल्ल्यातल्या विहिरी, दर्गा आणि देवळांवरचे लेख, यांतले काहीच अजून एका वहीत आलेले नाही.

साधने जवळच आहेत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावाचा जुना नकाशा मिळतो, त्यावर प्रत्येक सर्व्हे नंबर, ओहोळ आणि पायवाट असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि कोतवाल बुके आहेत. २०२३ नंतर कुणबी नोंदींसाठी राज्यभर ही कोतवाल बुके उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींत किती तपशील असतो हे पहिल्यांदाच घरोघरी कळले. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांमध्ये जनरल रजिस्टरे आहेत. त्यांतून कोणत्या पाड्यातले मूल कोणत्या साली पहिल्यांदा शाळेत आले, आणि कितवीत सुटले, हे समजते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरचा १४ वा खंड तर आता कोणालाही मोबाइलवर वाचता येतो. त्यात तारापूरवर वेगळी नोंद आहे. तिच्यापासून सुरुवात करावी.

तुम्ही चिंचणी, तारापूर, घिवली, दांडी, नवापूर, मुरबे, नांदगाव यांपैकी कुठले असाल, किंवा तुमचे आजोळ अक्करपट्टी-पोफरणचे असेल, तर या सुट्टीत एवढे करा. घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला गावाचा नकाशा कागदावर काढायला सांगा: घरे, विहिरी, देव, वाटा, होड्या लावायची जागा. ज्याची जी नावे तेव्हा होती तीच लिहा. कागदावर तारीख टाका, सांगणाऱ्याचे नाव आणि वय टाका, आणि एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्या. पोफरण पाहिलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे.